अनामत

गेल्या सप्टेंबरात मी भाच्याकडे मिलवॉकीला होतो. एका शनिवारी सकाळी चहा झाल्यावर तो म्हणाला, "मामा, जरा गॅरेजमध्ये येतोस? एक पिंप घट्ट धरायचंय."

गॅरेजमध्ये गुडघ्याच्या वर येईल एवढं एक स्टीलचं पिंप उभं होतं. वर-खाली जाड गोल काठ, वरच्या काठाला हात घालायला खाचा. बिअरचा केग. अमेरिकेत या मापाला 'हाफ बॅरल' म्हणतात. आत साडेपंधरा गॅलन, म्हणजे सुमारे ५८ लिटर बिअर मावते आणि रिकामं पिंपच तेरा-चौदा किलो भरतं. भाच्याने त्याच्या माथ्यावर बारा इंच व्यासाचं वर्तुळ आखून ठेवलं होतं. त्या रेषेवरून ग्राइंडर फिरवायचा, माथ्याची चकती काढायची, बुडाशी भोक पाडून तोटी बसवायची, की पातेलं तयार. घरी बिअर करणारे तिकडचे लोक अशा पातेल्याला 'केगल' म्हणतात. केग आणि केटल हे दोन शब्द जोडून केलेला हा शब्द आहे.

मी बडोद्याचा. आमचं राज्य १९६०चं आणि त्यातली दारूबंदी त्याच्याही आधीची, जुन्या मुंबई राज्याकडून वारशाने आलेली. त्यामुळे बिअर घरी करतात, तीही कायद्याने, हेच मला नवीन होतं. भाच्याने सांगितलं की अमेरिकेतही हे फार जुनं नाही. १९३३ साली तिथली दारूबंदी उठली, पण घरी बिअर करायला परवानगी मिळाली नाही. ती मिळाली १९७८ साली, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने. एकट्या प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला शंभर गॅलन, दोघे प्रौढ असतील तर दोनशे. तेव्हापासून हा छंद फोफावला. मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात भिजवायचे, तो गोड काढा हॉप्सच्या फुलांबरोबर तासभर उकळायचा, मग थंड करून आंबवायला ठेवायचा. उकळताना काढा उतू जातो, म्हणून भांडं मोठं लागतं. चाळीस लिटर उकळायचे तर साठ लिटरचं. एवढं मोठं चांगल्या स्टीलचं पातेलं महाग पडतं. केग मात्र त्याच स्टीलचा असतो. आपल्या भांड्यांच्या बुडाशी '१८/८' असा शिक्का असतो ना, तेच हे स्टील. शंभरात अठरा भाग क्रोमियम, आठ भाग निकेल.

भाचा इंजिनिअर आणि कामात नेटका. केगमध्ये वायूचा दाब असतो. तो न सोडता झडप उघडली तर आतली नळी बंदुकीच्या गोळीसारखी तोंडावर येते. त्याने आधी दाब सोडला होता, मग झडपेची कडी काढली होती, नळी ओढून बाजूला ठेवली होती, पिंप आतून धुतलं होतं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. मी पिंप धरायला वाकलो तेव्हा माझी बोटं काठावरच्या उठावाच्या अक्षरांवर पडली. मी चष्मा पुसून वाचलं. एका ब्रुअरीचं नाव आणि पुढे: हिची मालमत्ता, अनधिकृत वापरास मनाई.

"अरे, हे तर त्यांचं आहे."

"मामा, मी चाळीस डॉलरला घेतलंय. एका गॅरेज सेलमध्ये. पावती नाही, पण पैसे दिलेत."

"ज्याने विकलं त्याचं होतं का?"

"त्याने कधीतरी पार्टीला आणलं असेल. अनामत भरली असेल तीस डॉलर. परत नेलं नाही म्हणजे ती बुडाली. हिशोब मिटला."

त्याने ग्राइंडर खाली ठेवला. आमचं बोलणं तासभर चाललं आणि त्या दिवशी काही कापलं गेलं नाही. त्याचे मुद्दे चांगले होते. मी ते इथे मांडतो आहे ते खोडून काढण्याच्या हौसेने नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हेच मुद्दे मी स्वतःशी, एका दुसऱ्या भांड्याबद्दल, अनेक वर्षं बोलत होतो. त्या भांड्याकडे मी शेवटी येतो.

पहिला मुद्दा अनामतीचा.

'अनामत' हा शब्द आपल्या भाषांमध्ये मजेदार फिरला आहे. मूळ अरबी शब्द विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा. हिंदी-उर्दूत तो 'अमानत' म्हणून जवळजवळ त्याच अर्थाने राहिला. मराठीत तो पैशांकडे सरकला. निवडणुकीत उमेदवाराची अनामत रक्कम जप्त होते, घर भाड्याने घेताना अनामत द्यावी लागते. आमच्या गुजरातीत 'अनामत' म्हणजे ठेव, आणि 'राखीव जागा'सुद्धा. अर्थ वेगवेगळे झाले, तरी एक गोष्ट सगळीकडे टिकली: जे अनामत आहे, ते ज्याच्या हातात आहे त्याचं नसतं.

केगच्या व्यवहारात गंमत अशी की अनामती दोन असतात. आपण दिलेले तीस डॉलर ही त्यांच्याकडची आपली ठेव. त्यांनी दिलेलं पिंप ही आपल्याकडची त्यांची ठेव. पैसे दिसतात, मोजता येतात, म्हणून आपण पहिलीलाच अनामत म्हणतो. खरं तर दुसरी मोठी आहे. नवीन केगची किंमत शंभर डॉलरच्या बरीच पुढे जाते. तीस डॉलर ही त्याची किंमत नव्हेच. 'नक्की आणून देईन' या शब्दाला बांधलेली ती एक गाठ आहे.

आपल्याकडे हे समजायला परदेशी जायला नको. स्वयंपाकघरातलं गॅसचं सिलिंडर घ्या. जोडणी घेताना आपण अनामत भरतो, कागद जपून ठेवतो, चाळीस-चाळीस वर्षं त्या लाल नळकांड्यावर जेवतो. तरी ते आपलं आहे असं कुणी म्हणत नाही. जुन्या सिलिंडरची शेगडी करणारे हुशार लोकही आहेत, पण ते सिलिंडर आलं कुठून, हे त्यांना चारचौघांत विचारलं तर ते विषय बदलतात.

पण भाच्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. अनामत छोटी असली की ती हळूहळू किंमत वाटू लागते. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून काही पाळणाघरांनी उशिराला दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आधी उशीर झाला की बाईंसमोर मान खाली जायची. दंड आल्यावर उशीर ही विकत घेण्याची गोष्ट झाली. पुढे दंड काढून टाकला तरी जुनी लाज परत आली नाही. केगच्या तीस डॉलरचंही असंच होतं. 'परत केलं नाही' याचं रूपांतर 'विकत घेतलं' यात होतं. दुकानदाराने विकलेलं नसतं, आपणच परस्पर विकत घेतलेलं असतं.

दुसरा मुद्दा त्याला जास्त जिव्हाळ्याचा होता. तो म्हणाला, "मामा, हे भंगारात जाणार होतं. वितळवायचं, परत ओतायचं, केवढी ऊर्जा. मी त्याला आणखी तीस वर्षं देतोय. यात वाईट काय?"

त्याच्या पिढीला हा विचार मनापासून पटलेला आहे आणि तो आपल्यालाही परका नाही. आपल्या घरांत काहीच वाया जात नसे. धोतराची लंगोटी, लुगड्याची गोधडी, बोहारणीला जुने कपडे देऊन तिच्याकडून स्टीलचा डबा. 'पिंप' हा शब्दसुद्धा असाच दुसऱ्यांदा वापरलेला आहे. मराठी पीप-पिंप, गुजराती पीप, हिंदी पीपा, सगळे पोर्तुगीज 'पिपा'वरून आले असं मानतात, आणि 'पिपा' म्हणजे वाइनचं लाकडी पिंप. ज्या शब्दात एकेकाळी परदेशी दारू होती त्यात आमच्या आज्यांनी नळाचं पाणी भरलं. म्हणून पुनर्वापराविरुद्ध बोलायला माझी जीभ सहज वळत नाही.

पण केगच्या बाबतीत एक गोष्ट सुटते. केग हा मुळातच पुनर्वापराचा उत्तम नमुना आहे. बाटली एकदा फुटते, कॅन एकदा चेपला जातो. केग भरतो, जातो, रिकामा होतो, परत येतो, धुतला जातो, पुन्हा भरतो. नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं. झडप खराब झाली तर झडप बदलतात, पिंप तेच राहतं. अशा वस्तूला 'वाचवायचं' म्हणून कापणं म्हणजे चालत्या रहाटाची घागर काढून तिच्यात फुलझाड लावण्यासारखं आहे. झाड छान येईल, पण रहाटाला एक घागर कमी पडेल.

हे कमी पडणं छोट्या ब्रुअरीला जाणवतं. तिच्या भांडवलाचा मोठा भाग या पिंपांत अडकलेला असतो आणि पिंप परत आलं नाही तर तयार बिअर भरायची कशात, हा प्रश्न पडतो. २००७ साली निकेलचा भाव टनाला पन्नास हजार डॉलरच्या वर गेला. त्या काळात मागच्या अंगणांतून आणि गुत्त्यांच्या पाठीमागून केग चोरीला जाऊन भंगारवाल्यांकडे पोचू लागले. मग अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी ब्रुअरीचं नाव असलेला केग पुराव्याशिवाय भंगारात घेऊ नये असे कायदे केले. म्हणजे 'भंगारात जाणार होतं' हे वाक्य अर्धंच आहे. भंगारात आपोआप काही जात नाही. कुणीतरी नेतं.

आपल्या मराठीत यासाठी तीन वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि मला ती फार उपयोगी वाटतात. वस्तू टाकलेली असते, हरवलेली असते किंवा राहिलेली असते. टाकलेली वस्तू जो उचलेल त्याची. हरवलेली वस्तू शोधणाऱ्याची वाट पाहत असते. आणि राहिलेली वस्तू? 'तुमची छत्री आमच्याकडे राहिली' असं आपण म्हणतो. त्यात दोष कुणालाच नाही. पण छत्री 'तुमची'च असते, आणि घर 'आमचं'. टाकणं हे मालकाचंच काम आहे. त्याच्या वतीने ते दुसऱ्याला करता येत नाही. भाच्याच्या गॅरेजमधलं पिंप कुणी टाकलेलं नव्हतं. ते राहिलेलं होतं, आणि राहता राहता चाळीस डॉलरचं झालं होतं.

तिसरा मुद्दा श्रमाचा. "मी दोन शनिवार घालणार," तो म्हणाला. "कापणार, कड घासणार, तोटी बसवणार. मग ते माझंच होणार ना?"

जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस याच विचाराला शास्त्राचं रूप दिलं: निसर्गातल्या सामायिक वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो म्हणून ती त्याची होते. पण लॉकची वस्तू सामायिक होती. रानातली फळं, ओढ्याचं पाणी. दुसऱ्याच्या वस्तूत श्रम मिसळले तर? हा प्रश्न रोमन कायदेपंडितांनी फार आधी घोळवला होता. एका पंथाचं म्हणणं, ज्याचा माल त्याची वस्तू. दुसऱ्याचं म्हणणं, ज्याने घडवली त्याची. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथात मधला मार्ग काढला आहे: घडवलेली वस्तू पुन्हा मूळ मालाच्या रूपात नेता येत असेल तर ती मालाच्या मालकाची, नेता येत नसेल तर घडवणाऱ्याची. तिथली उदाहरणं वाचून मला हसू आलं. दुसऱ्याच्या द्राक्षांची वाइन केली तर ती पुन्हा द्राक्षं होत नाही, म्हणून वाइन करणाऱ्याची. दुसऱ्याच्या तांब्या-पितळेचं भांडं केलं तर ते वितळवून पुन्हा धातू होतो, म्हणून भांडं धातूच्या मालकाचं. हा न्याय लावला तर बिअर भाच्याची आणि पातेलं ब्रुअरीचं.

रोमन न्याय आज कुणाला बांधील नाही. पण त्यामागची दृष्टी मला मोलाची वाटते. ती आधी विचारते, 'हे मागे फिरवता येईल का?' त्या शनिवारी दुपारपर्यंत ते येत होतं. नळी परत घालायची, कडी बसवायची, पिंप पुन्हा पिंप. माथा कापल्यावर मात्र ते कुठल्याही ब्रुअरीच्या कामाचं उरलं नसतं.

राहता राहिला चौथा मुद्दा, आणि तो मुद्दा नसून तक्रार होती: "मी थोडंच चोरलंय? मी विकत घेतलंय."

बडोद्यात आमच्या शेजारी जैन कुटुंबं पुष्कळ. त्यांच्याकडून लहानपणी ऐकलेला एक शब्द मला आठवला: अदत्तादान. न दिलेलं घेणं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या हीच आहे. कुलूप तोडणं नाही, अंधार नाही, पळणं नाही. जे दिलं गेलं नाही ते घेतलं, एवढंच. बौद्धांच्या पंचशीलातही चोरीसाठी हाच शब्द पालीत आहे. आणि अचौर्यव्रताचे जे अतिचार, म्हणजे व्रत मोडलं नाही तरी त्याला लागणारे डाग, सांगितले आहेत त्यांत चोराने आणलेला माल घेणं येतं, खोट्या वजनमापांच्या आणि भेसळीच्या पंक्तीत. व्यापारी समाजासाठी केलेले हे नियम फार बारकाईचे आहेत. चोरी करणारा एक आणि तिच्यावर जगणारे दहा, हे त्यांनी ओळखलं होतं. भाचा चोर नव्हता. बहुधा त्याला केग विकणाराही नव्हता. पण 'दिलं' असं म्हणणारा माणूस त्या साखळीत कुठेच नव्हता. पैसे पुढे सरकत होते, देणं कुणी केलं नव्हतं.

एवढं सगळं बोलून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग विचारायला काय हरकत आहे?" आणि फोन काढला.

मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या क्षणी. कारण विचारायला काय हरकत आहे, हे मला सुचलं नव्हतं. मी तासभर लॉक आणि उमास्वाती सांगत होतो.

आता त्या दुसऱ्या भांड्याबद्दल.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना दांडिया बझारातल्या आमच्या वाड्यात शेजारी एक काकू राहत. त्यांच्या यजमानांची बदली इंदूरला झाली. सामान बांधून झाल्यावर त्यांचा तांब्याचा हंडा काही कशात बसेना. त्या आईला म्हणाल्या, "राहू दे तुमच्याकडे. पुढच्या खेपेला नेईन." पुढची खेप झाली नाही. दोन-चार वर्षं पत्रं येत होती, मग तीही थांबली. आईने तो हंडा कधी वापरला नाही. दर दिवाळीला माळ्यावरून काढायची, चिंचेने लख्ख घासायची आणि परत ठेवायची. आम्ही म्हणायचो, एवढं घासतेस तर वापर तरी. ती म्हणायची, "तो आपला नाही. राहिलाय."

२०११ साली आई गेली. वाडा रिकामा करताना हंडा माझ्या हातात आला. मी तो मोडीत घातला नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. मी तो एका कंसाराकडे नेला, तळाला मधोमध भोक पाडून घेतलं, त्यातून वायर ओवली, वर बल्ब आणि कापडी टोप बसवला. बैठकीच्या कोपऱ्यात तो दिवा फार सुंदर दिसायचा. आलेले लोक विचारायचे, मी म्हणायचो, "आईचा हंडा." माळ्यावर धूळ खाण्यापेक्षा बरं, हेही म्हणायचो. भाच्याच्या तोंडून मिलवॉकीत मी माझीच वाक्यं ऐकत होतो.

हंड्याच्या खांद्यावर नाव कोरलेलं होतं. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यांवर कोरतात तसं: सौ. अमुक, वैशाख शके १८७६. ब्रुअरी तिच्या पिंपावर 'मालमत्ता' लिहिते ते परत यावं म्हणून. आपण नाव कोरतो तेही बहुतेक त्याचसाठी. पंगतीत, लग्नघरात, शेजारपाजारी गेलेलं भांडं ओळखून परत यावं. मी दिवा लावला तेव्हा नाव भिंतीकडे केलं होतं. अक्षरं उजेडात चांगली दिसत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

आपण विचारत का नाही? उत्तर माहीत असतं म्हणून नव्हे. आपल्याला वाटतं, एवढ्या जुन्या गोष्टीचं कुणाला काय, उगाच कशाला उकरायचं. पण खरं कारण वेगळं आहे. विचारलं की उत्तर येतं, आणि आलेलं उत्तर पाळावं लागतं. न विचारता आपण समोरच्याच्या मनात आपल्याला हवं ते उत्तर ठेवून देतो. वस्तूचा सदुपयोग, वाया न घालवणं, कौशल्य, श्रम, या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत. पण एका छोट्या प्रश्नाची जागा त्या घेऊ शकत नाहीत: 'हे मी घेऊ का?' जुन्या ठेवीवरचा मालकाचा हक्क काळाने फिका पडत असेलही. कायदे तशा मुदती घालतातच. पण विचारण्याचं कर्तव्य ज्याच्या हातात वस्तू आहे त्याचं असतं आणि त्याला मुदत नसते. आईने चिंचेने घासून घासून ते कर्तव्य जागं ठेवलं होतं. मी त्याला टोप घातला.

केगचं पुढे सोपं झालं. त्या ब्रुअरीचा माल वितरित करणाऱ्या गोदामात भाचा पिंप आणि त्याची नळी-कडी घेऊन गेला. काउंटरवरच्या बाईंनी काही न विचारता तीस डॉलर पुढे केले. तो म्हणाला, अनामत मी भरलेली नव्हती. त्या म्हणाल्या, आम्हाला केग परत हवा असतो, कोण आणतो याचं काय. म्हणजे त्याला दहा डॉलरचा तोटा झाला. त्याच बाईंनी सांगितलं की एका छोट्या ब्रुअरीत मान चेपलेले, झडप न बसणारे केग अधूनमधून मोडीत काढतात आणि मागणाऱ्याला पावतीसह विकतात. तीन आठवड्यांनी त्याला तसा एक मिळाला. मी निघण्याच्या आदल्या रविवारी आम्ही तो कापला. मी धरला, त्याने ग्राइंडर चालवला. ठिणग्यांनी गॅरेज उजळलं. कापलेली कड त्याने कानशीने घासली आणि लिंबाच्या आम्लाने धुतली. स्टीलवर क्रोमियमचा एक अदृश्य पापुद्रा असतो, तो कापल्या जागी हवेने पुन्हा धरतो, म्हणून ते गंजत नाही, असं त्याने समजावलं. या दुसऱ्या पिंपावरही नाव होतं. पावती त्याने प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावली आहे.

बडोद्याला परतल्यावर मी काकूंचा शोध घेतला. तीन फोन पुरले. चौदा वर्षं जे मला अशक्य वाटत होतं त्याला तीन फोन पुरले. काकू हयात नव्हत्या. त्यांची मुलगी इंदूरलाच असते, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणत असे. तिला मी सगळं सांगितलं, दिव्यासकट. ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, ती म्हणेल, राहू दे रे, एवढं काय. मी त्या वाक्याची वाट पाहत होतो, हे आता कबूल करायला हवं.

तिने विचारलं, "पाणी राहतं का त्यात अजून?"

"नाही. तळाला भोक आहे."

"बुजवता येईल?"

मी त्याच कंसाराकडे गेलो. म्हातारा झालाय. त्याने हंडा उलटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता काम घेतलं. भोक बुजवलं, आतून कल्हई केली. मी चिंचेने तो स्वतः घासला. पहिल्यांदाच. गोणपाटात बांधून इंदूरला पाठवला.

आठ दिवसांनी ताईचा फोन आला. हंडा ओट्याशेजारी ठेवलाय, पाणी भरलंय. "तळाशी जरासं पाझरतं," ती म्हणाली. "खाली ताटली ठेवलीय. चालेल."